वैकुंठरथाची बॅटरी

“हणमा, ते बॅटरी चार्ज करायचं यंत्र हाय न्हवं तुझ्याकडं?”

अण्णा शेडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला उभा होता. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात नवा कोरा शर्ट, कपाळावर कुंकवात चिकटलेले दोन-तीन तांदूळ. अण्णा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. त्या दिवशी दुपारी त्याच्या रोहिणीचं लग्न लागलं होतं, आणि मंगलाष्टकं मी शेडमध्ये बसून, कार्यालयाच्या कर्ण्यावरून ऐकली होती.

तेव्हा आटपाडीत वैकुंठरथ चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली होती. स्मशानभूमी गावाबाहेर तीन किलोमीटरवर गेली, तेव्हा गावातल्या मंडळानं एक पेट्रोलवरची जुनी व्हॅन घेऊन तिला पांढरा रंग दिला. मी आयटीआयला गाड्यांचं वायरिंग शिकलेलो, शिवाय एकटा जीव. शेडला लागून एक खोलीही मिळत होती. मी हो म्हणालो. पुढं असं झालं की मला कुणी कुठं येऊ नको म्हणालं नाही, पण ये असंही म्हणायचं हळूहळू थांबलं. मी हॉटेलात शिरलो की बाकावरची माणसं सरकून जागा द्यायची, ती जरा जास्तच द्यायची. रोहिणीची पत्रिका द्यायला अण्णा स्वतः आला होता. देताना म्हणाला, “ये बरं का. फक्त अक्षता पडल्यावर ये. व्याही जुन्या वळणाचं हायत.” मला कळलं. मी गेलोच नव्हतो.

“हाय की,” मी म्हणालो. “कशाला पायजे?”

“नवऱ्याची गाडी बंद पडलीया. पोरांनी सकाळधरनं गाणी लावली, दिवं लावलं, गाडी बंद ठिवून. आता किल्ली फिरवली तर टक सुदीक वाजंना. दोन येढं ढकलली पटांगणात. फुलांच्या माळा तुटल्या, गाडी सुरू हुईना. दुसऱ्या गाडीला वायरी जोडून बघितल्या, तर वायरीच वितळल्या. बायका म्हणाय लागल्या, नव्या नवरीची गाडी ढकलून काढायची का?”

“गॅरेजवाला?”

“त्यो वऱ्हाडात. दुकानाला कुलूप, अन् किल्ली घरी विट्याला.”

मी खुंटीवरचा चार्जर काढून त्याला दाखवला. निळ्या पत्र्याची पेटी, वर तीन दिवे, खाली दोन वायरी, एकीला तांबडा चिमटा, दुसरीला काळा. आधीचा माझा चार्जर साधा होता. त्याच्यापुढं ठाण मांडून बसावं लागे. विसरलं की बॅटरी उकळायची आणि आतलं पाणी उडून जायचं. हा आपोआप चालणारा. बॅटरीत किती आहे ते बघून तेवढाच करंट सोडायचा, भरली की हिरवा दिवा लावून स्वतःच थांबायचा. वैकुंठरथ कधी आठ-आठ दिवस जागचा हलत नाही, आणि उभ्या गाडीची बॅटरी आपसूक उतरते. म्हणून दर रविवारी मी तो लावायचो. एखाद्याच्या घरासमोर पार्थिव आत ठेवल्यावर गाडी खोकत राहिली, तर त्या माणसांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं? माझी गाडी अकरा वर्षांत एकदाही ढकलावी लागली नव्हती. दुसरं काही मिरवावं असं माझ्याकडं नव्हतं.

“ह्याला पाच-सहा तास लागत्यात, अण्णा,” मी म्हणालो. “एवढी उतरली असली तर जास्तच. लावला अन् गाडी उठली, असं न्हाई हुयाचं.”

अण्णाचा चेहरा उतरला. “साडेतीनच्या आत निघायला पायजे. आधी खरसुंडीला नाथाच्या पाया पडायचं, मग करमाळ्यापर्यंत जायचं. दुसऱ्या गाडीत बसवून लावू म्हणलं, तर व्याही रुसून बसलाय. रोहिणी रडतीया रं.”

बोलता बोलता त्याची नजर माझ्या मागं गेली. तिथं व्हॅन उभी होती.

“हिची बॅटरी बसंल का त्या गाडीला?”

बसणार होती. मापानं सारखीच. मला ते त्यानं विचारायच्या आधीच ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो होतो.

“बसंल. पण ही काढायची न्हाई. कुणाचं बोलावणं आलं तर?”

“दोन तासांत कोण मरतंय? गाडी सुरू झाली की काढून घिऊन ये.”

“चालत्या गाडीची बॅटरी काढली की आतलं मशीन जळतंय. दिली तर करमाळ्यालाच जाणार ती.”

अण्णा पायरी चढून आत आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “चल. तूच येऊन बसव. अन् जेवून जा. फक्त बॅटरी कुठली ते कुणाला बोलू नको.”

नुसती बॅटरी मागितली असती तर मी नाहीच म्हणालो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. मी पाना घेतला, आधी काळी वायर सोडवली, मग तांबडी, आणि बॅटरी पोत्यात गुंडाळली. धुतलेला शर्ट घातला. शेडला कुलूप लावलं.

कार्यालयात सगळे माझी वाट बघत होते. वाट बघणारी माणसं मी नेहमी बघतो, पण ती अशी नसतात. मी बॉनेट उघडलं, जुनी काढली, माझी बसवली, नट आवळले, टर्मिनलला बोटभर व्हॅसलिन लावलं. नवऱ्याच्या मित्रानं किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. व्याही स्वतः येऊन म्हणाले, “कुठलं मेस्त्री तुमी? लई येळेवर आला.” अण्णा मध्येच म्हणाला, “आमचा धाकटा बंधू,” आणि पुढचं काही बोलला नाही. रोहिणी गाडीत बसायच्या आधी माझ्या पाया पडली. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं. “काका, जेवल्याबिगर जायचं न्हाई,” म्हणाली.

गाडी वेशीबाहेर गेली आणि मला पंगतीत बसवलं. शेवटची पंगत होती, पण भरलेली होती. एका बाजूला अण्णाचा मेहुणा, दुसऱ्या बाजूला कोणी ओळखीचं नव्हतं. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी. वाढणारा पोरगा जिलेबी घेऊन आला, मी नको म्हणालो, तर मेहुण्यानं माझा हात धरून ठेवला आणि त्याला म्हणाला, “वाढ, वाढ, त्यांनीच गाडी चालवली आज.” सगळे हसले. मीही हसलो. मी चार जिलेब्या खाल्ल्या. मठ्ठा दोनदा घेतला. पंगत उठली तरी मी पत्रावळीशी जरा रेंगाळलो.

नवऱ्याच्या गाडीची उतरलेली बॅटरी पोत्यात घेऊन मी शेडवर आलो, तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पायरीवर एक म्हातारा बसला होता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. जवळ गेलो तर पोरे टेलर. दत्तोबा पोरे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. नवरा-बायको दोघं दोन मशीनवर समोरासमोर बसायची. मूलबाळ नव्हतं.

“या हणमंतराव,” ते म्हणाले, जणू मीच त्यांच्या दारी गेलो होतो. “आमची कमळ गेली.”

“कधी?”

“एक वाजला असेल. जेवायला बसते म्हणाली आणि भिंतीला टेकली. डॉक्टर येऊन कागद देऊन गेले.”

“घरी कोण हाय?”

“गजराबाई आहेत शेजारच्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून लग्नाला गेल्या नव्हत्या. बाकी सगळी आळी तिकडंच. मी कुणाला कळवलं नाही अजून. लग्नाची माणसं, त्यांना ताटावरून कुठं उठवायचं?” मग थोडं थांबून म्हणाले, “अंधार पडायच्या आत झालं तर बरं. तिला अंधाराचं फार भ्या वाटायचं.”

मार्गशीर्षातला दिवस. सूर्य सहाला जाणार. मी कुलूप उघडलं. व्हॅनच्या पुढच्या भागात बॅटरीची जागा रिकामी होती, दोन वायरी लोंबत होत्या. पोरेकाका माझ्या मागोमाग आत आले. त्यांनी तिकडं पाहिलं असावं.

“बॅटरी उतरलीय,” मी त्यांच्याकडं न बघता म्हणालो. “चार्ज करावी लागंल. तास-सव्वा तास.”

“बरं. मी थांबतो.”

मी पोत्यातली बॅटरी काढली. टोपणं उघडून बघितलं तर पाणी पट्ट्यांच्या खाली गेलेलं. बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर घालून पट्ट्या जेमतेम बुडवल्या. खिडकी उघडली, कारण चार्ज होताना बॅटरीतून वायू सुटतो. तांबडा चिमटा तांबड्याला, काळा काळ्याला, आणि मग प्लगचं बटण. हाच क्रम मी शेकडो वेळा पाळला होता. पण चार्जरचा पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. पुन्हा लावलं. पुन्हा विझला.

“काय झालं?” पोरेकाकांनी विचारलं.

“बॅटरी इतकी खाली गेलीय की हा तिला बॅटरीच समजत न्हाई. कायतरी जीव दिसला तरच हा करंट सोडतोय.”

बोलून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं.

आधीचा साधा चार्जर असता तर त्यानं आंधळेपणानं करंट सोडला असता. हा हुशार होता, म्हणून अडून बसला. मी खोलीतला इमर्जन्सी दिवा आणला, त्याच्या पोटातली बारकी बॅटरी काढली आणि तांबड्याला तांबडं, काळ्याला काळं अशा दोन वायरींनी मोठ्या बॅटरीला जोडली. आता चार्जरला थोडाफार जीव दिसला. तांबडा दिवा लागला आणि लागलेला राहिला. पाच-सात मिनिटांनी मी बारकी बॅटरी सोडवली, तरी तो तसाच राहिला. पेटीतून बारीक गुणगुण सुरू झाली. घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती.

मी बाहेर जाऊन अण्णाला फोन लावला. म्हणालो, तासाभरानं चार माणसं लागतील, गाडी नाहीच उठली तर ढकलायला. पलीकडं भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

“आज न्हाई रं, हणमा,” तो म्हणाला. “घर सवाष्णींनी भरलंय. आज ते नाव बी काढू नको. उद्या बोलू.”

त्यानं फोन ठेवला. बॅटरीबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आत आलो तर पोरेकाका चार्जरच्या दिव्याकडं बघत बसले होते. “मी काही करू का?” म्हणाले. “नुसतं बसवत नाही.”

मी तांब्यात कोमट पाणी घेतलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि जुना टूथब्रश त्यांच्या हातात दिला. व्हॅनच्या लोंबणाऱ्या वायरींच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती, ती त्यांना घासायला सांगितली. त्यांनी चष्मा वर केला आणि काजं करावीत तशा बारकाईनं ती टोकं घासली. फेस आला की पुसायचे, पुन्हा घासायचे. फडकं पिळून वाळत घातलं. मग म्हणाले, “हे दर आठवड्याला करता तुम्ही?”

“महिन्यातनं एकदा. चार्जर मात्र दर रविवारी. ह्याचे चिमटे बी पुसून ठेवावे लागत्यात, न्हाईतर गंज धरतो. वायर घट्ट गुंडाळायची न्हाई, आतनं तुटती. अन् ओल्या जमिनीवर ठेवायचा न्हाई.”

“कमळ मशीनला असंच करायची. रविवारी दुकान बंद असलं तरी बसून तेल घालायची. मी म्हणायचो, अगं राहू दे एखादा आठवडा.” ते थांबले. “लोक म्हणतात तुमची गाडी एका किल्लीत उठते.”

मी तोंड खिडकीकडं फिरवलं. माझ्या तोंडाला अजून जिलेबीचा वास होता, आणि तो त्यांना येत असणार असं मला वाटत होतं.

पाऊण तास आम्ही असे बसलो. त्यांनी मला सांगितलं, की लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं ती दोघं एकमेकांशी फारसं बोललीच नव्हती. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी दुसरं मशीन समोर लावून घेतलं, निदान तोंड दिसावं. एवढंच सांगितलं. ते रडले नाहीत. एकदा फक्त विचारलं, “हिरवा लागायला किती?”

“हिरवा लागायला रात्र हुईल. तेवढं थांबायचं न्हाई. गाडी उठण्यापुरता जीव आला की बास.”

पावणेसहाला मी आधी बटण बंद केलं, मग चिमटे काढले, बॅटरी जागेवर बसवली. पोरेकाकांनी घासलेली टोकं नव्यासारखी चमकत होती. किल्ली फिरवली. इंजिन एक गिरकी घेऊन बसलं. मी तोंडातल्या तोंडात खंडोबाचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा दोन गिरक्या. तिसऱ्यांदा ते खोकलं, थांबलं असं वाटेपर्यंत थांबलं, आणि धडधडायला लागलं.

आळीत पोचलो तेव्हा माणसं लग्नाहून परतत होती. वैकुंठरथ पोरे टेलरच्या दारात थांबलेला बघून ती जागच्या जागी थिजली. मग कुणी फेटा सोडून सायकलच्या हँडलला बांधला, कुणी नव्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या. तिघंजण आले. गजराबाई दारात बसून मोठमोठ्यानं बोलत होत्या, “मला कुणी सांगितलंच न्हाई, मला वाटलं निजलीय.” गाडी बंद करायची माझी हिंमत नव्हती. ती दारात घरघरत राहिली.

स्मशानात पोचलो तेव्हा सूर्य टेकडीआड गेला होता. फाटकाशी आलं की गाडी बंद करायची, आवाज नको, ही माझी अकरा वर्षांची सवय. हातानं ती पाळली. किल्ली फिरवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. पण तोवर कमळकाकूंना उतरवायची वेळ झाली होती आणि खांद्याला एक माणूस कमी पडत होता. मी एरवी गाडीपाशीच थांबतो. त्या दिवशी गेलो.

अग्नी दिला तेव्हा पुरता अंधार पडला नव्हता. पोरेकाकांनी वर पाहिलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

गाडी सुरू झाली नाही. बाकीचे मोटरसायकलींवर निघाले. एकजण म्हणाला, “काका, बसा मागं.” ते म्हणाले, “तुम्ही व्हा पुढं. मी यांच्याबरोबर येतो.” व्हॅन तिथंच सोडून आम्ही दोघं चालत निघालो. रस्त्याला डाळिंबाच्या बागा होत्या आणि कुठल्यातरी बागेत पाण्याची मोटार चालू होती. त्यांना चालायला वेळ लागत होता. अर्ध्या वाटेवर मला राहवलं नाही.

“पोरेकाका, मी खोटं बोललो. बॅटरी उतरली नव्हती. माझी चांगली बॅटरी मी नवऱ्याच्या गाडीला काढून दिली. तुम्ही आला तेव्हा मी तिथं जेवत होतो.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले.

“कसं?”

“मी आलो होतो की कार्यालयात. शेडला कुलूप दिसलं, समोरच्या पानपट्टीवाल्यानं सांगितलं, हणमंतराव बॅटरी घेऊन तिकडं गेलेत. मांडवाच्या दारापर्यंत आलो. तुम्ही पंगतीत बसला होता. कुणीतरी तुमचा हात धरून जिलेबी वाढत होतं आणि तुम्ही हसत होता.” त्यांनी टोपी नीट केली. “एवढ्या वर्षांत तुम्हाला कुणाच्या पंगतीत बघितलं नव्हतं मी. म्हटलं, जेवू दे. कमळनंही हेच म्हटलं असतं. मग परत येऊन पायरीवर बसलो.”

मी थांबलो. ते चार पावलं पुढं गेले आणि माझ्यासाठी थांबले. मला त्यांचे पाय धरायचे होते, पण हात हलले नाहीत. ते म्हणाले, “चला. गजराबाई एकट्या आहेत.”

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. अण्णानं बॅटरी चौथ्या दिवशी एका रिक्षावाल्याबरोबर पाठवून दिली आणि पुन्हा त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. त्याच्यावर माझा राग राहिला नाही. राग धरायला मी स्वतः तरी कुठं पोरेकाकांसारखा पायरीवर बसलो होतो?

त्या संध्याकाळी मी पोरेकाकांना दारापर्यंत सोडून मागं फिरत होतो. ते म्हणाले, “थोडं बसता का?” मी बाहेरच्या कट्ट्यावर बसायला गेलो, तर म्हणाले, “आत.” आत दोन मशीन समोरासमोर होती, एकावर अर्धा शिवलेला परकर तसाच सुईखाली. घरात चूल पेटणार नव्हती. गजराबाईंनी त्यांच्या घरून पिठलं आणि दोन भाकरी आणून ठेवल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, “खा रं दोघं बी.”

पोरेकाका घास मोडेनात. भाकरीकडं बघत बसले. मग मी माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, तेव्हा त्यांनीही मोडला. माझ्या पोटात लग्नाचं जेवण अजून तसंच होतं. तरी मी खात राहिलो, कारण मी थांबलो असतो तर तेही थांबले असते.